धाकटीचा कप

त्या उन्हाळ्यात पावसानं नुसता उच्छाद मांडला होता. दिवसभर विटा थापाव्यात, ओळीनं मांडून ठेवाव्यात, आणि एक सर येऊन जावी की विटांच्या जागी नुसत्या चिखलाच्या ढेपा. तनासे म्हातारा उठला की आधी आभाळाला चार शिव्या हासडायचा, मग तोच चिखल फावड्यानं खड्ड्यात ओढून परत तुडवायला घ्यायचा. भट्टी पेटवायची म्हटलं तर वाळलेली वीट नाही. सिरेत नदीकाठच्या, रोमा जमातीच्या त्या वस्तीत सगळ्याच वीटवाल्यांची तीच गत होती. पण तनासेच्या घरात त्या साली आणखी एक लागलं होतं. हिवाळ्यात त्याची बायको साफ्ता क्षयानं खोकून खोकून गेली होती, आणि आता नात रुक्सा खोकायला लागली होती.

रुक्सा ही झाम्फिराची एकुलती एक पोर. झाम्फिरा घरातली थोरली सून. नवरा स्पेनला स्ट्रॉबेऱ्या तोडायला गेलेला, तो सणासुदीला फोन करायचा. झाम्फिराला गाज्यांची भाषा झकास यायची. आपल्यातले नसलेले ते सगळे गाजे. त्यामुळं वस्तीत कोणाचं पोट दुखलं तरी पहिली हाक हिला. ती लोकांना घेऊन गावातल्या दवाखान्यात जायची, आणि खिडकीतली बाई मागून आलेल्यांना पुढं घ्यायची. "तुम्ही बाहेर थांबा, वास येतो," हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढं पुढं ती आपण होऊनच बाहेर उभी राहायला लागली. रुक्साला नेलं तेव्हा छातीचा फोटो साफ आला, पण हातावर सुई टोचलेली जागा टम्म फुगली. रोग अंगात शिरलाय, अजून डोकं वर काढलं नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. औषध? औषध संपलंय, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात गेली तर तेच. पोरगी खोकली की झाम्फिरा आधी तिची थुंकी निरखायची. सासूचा शेवट तिनं जवळून बघितला होता. रक्ताची चिरगुटं तिनंच धुतली होती.

अशात शहरातून डॉक्टर हालिपची पांढरी गाडी वस्तीत आली.

डॉक्टर हालिप माणूस वाईट नव्हता. बूट चिखलात रुतले तरी नाक मुरडलं नाही, तनासेनं पुढं केलेली कॉफी प्याला, कपाचा गाळसुद्धा सोडला नाही. गाज्यानं आपल्या घरचा कप तोंडाला लावला, एवढ्यावरच वस्तीतल्या निम्म्या बायका त्याच्या बाजूच्या झाल्या. बरोबर ओतिलिया नावाची जाडसर, हसरी नर्स होती. क्षयाची नवी गोळी निघाली होती, थोड्या दिवसांत काम करणारी, आणि तिची पारख करायला क्षय होऊन गेलेल्या घरातली माणसं पाहिजे होती. डॉक्टर बराच वेळ बोलला. गोळी नवी आहे, अजून सगळं कळलेलं नाही, कोणावर जबरदस्ती नाही, मधेच सोडायचं तर सोडता येतं, कोणाला काय त्रास होईल ते आम्हीच अजून शिकतोय. बोलून झाल्यावर त्यानं झाम्फिराकडं बघितलं.

झाम्फिरा घरच्यांकडं वळून म्हणाली, "गोळ्या चांगल्या आहेत. घ्या म्हणतायत."

"एवढंच?" डॉक्टरनं विचारलं.

"आमच्या बोलीत थोडक्यात होतं," ती म्हणाली.

ओतिलिया खदखदून हसली. डॉक्टरही हसला.

तनासे मात्र चुलीपुढच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसला होता. गाज्यांची भाषा त्याला विटांच्या भावापुरती यायची. "थोरले, त्याला सांग," तो म्हणाला. "घेतील तर माझ्या घरातले सगळे घेतील, नाहीतर कोणीच नाही. एकाला द्यायचं आणि एकाला वगळायचं, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. असलं मी चालवून घेणार नाही."

"सगळ्यांनाच देतायत, मामंजी."

"मग हरकत नाही."

पण सगळ्यांना द्यायचं नव्हतं. डॉक्टर पुढं म्हणाला, "पोटुशी बाई असेल तर तिला चालणार नाही. बाळाला काय होईल ते अजून कोणी बघितलेलं नाही." आणि ओतिलियानं झाकणाचे दोन कप काढले. एक झाम्फिराचा, एक धाकटीचा. लघवी तपासायची होती.

धाकटी म्हणजे ब्रिन्दुशा, तनासेच्या धाकट्या लेकाची, रेमुसची बायको. डोंगरापलीकडच्या टोळीतली, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. तिला आपली बोली सोडून दुसरं अक्षर कळायचं नाही. सासऱ्यापुढं तर ती मान वर करून पाणीसुद्धा मागायची नाही. तसं कोणतीच सून करत नाही म्हणा. बाईमाणसाचं कमरेखालचं काहीही पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. परकर धुवायचं घमेलंसुद्धा वेगळं, आणि ते उपडं घालायची जागाही वेगळी. आणि आता हातात कप घेऊन पेंढ्याच्या गंजीमागं जायचं, आणि भरलेला कप घेऊन विटांच्या ओळींमधनं, सासरा, नवरा, शेजारचे चार बाप्ये बघत असताना, गाडीपर्यंत यायचं!

गंजीमागं गेल्यावर ब्रिन्दुशा रडकुंडीला आली. "ताई, मला नाही व्हायचं. मामंजी तिथं उभे आहेत. हातात धरून जाऊ त्यांच्यासमोरनं? मेले तरी नाही जाणार."

"अगं, एप्रनखाली झाकून घे."

"झाकलं तरी त्यांना कळणारच ना काय आहे ते!"

झाम्फिरानं तिच्याकडं बघितलं. पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात पिवळट माती लागली होती. गेले काही दिवस झाम्फिरा बघत होती, ही साचा खरवडायला बसली की कडेची वाळलेली माती नखानं काढते आणि गुपचूप तोंडात टाकते. विटा थापणाऱ्या बाईला त्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. रुक्साच्या वेळी झाम्फिरानंही हेच केलं होतं, याच खड्ड्यातली माती खाल्ली होती.

तिला कळलं होतं. पुढं कितीदाही तिनं मनाला समजावलं, की मला नुसता संशय होता, पोरीची लाज राखावी एवढंच मनात होतं. पण खोटं होतं ते. गंजीमागं उभी असताना तिला ठाऊक होतं की धाकटी वगळली गेली तर म्हातारा सगळ्यांचंच बंद करणार, आणि रुक्साची गोळी जाणार.

"दे इकडं," ती म्हणाली, आणि तिनं दोन्ही कप स्वतःच भरले.

ब्रिन्दुशानं तिचे हात धरले, डोळ्यांना लावले. "ताई, तू होतीस म्हणून," म्हणाली. झाम्फिरानं हात सोडवून घेतले आणि एप्रनखाली दोन्ही कप धरून ती गाडीकडं चालती झाली. पुरुषांनी माना फिरवल्या.

गोळ्या सुरू झाल्या. रस्त्याचा चिखल झाला होता, गाडी सारखी वर चढणार नव्हती, म्हणून ओतिलियानं डबा झाम्फिराच्याच हवाली केला. रोज सकाळी प्रत्येकाच्या हातावर गोळी ठेवायची, गिळलेली डोळ्यांनी बघायची. झाम्फिरा पहाटे कॉफी टाकायची, आपली गोळी गिळायची, मग म्हाताऱ्याला गोळी, रेमुसला गोळी, रुक्साला गोळी, आणि मग धाकटी. ब्रिन्दुशा दोन्ही तळहात जोडून पुढं करायची, प्रसाद घ्यावा तशी. गिळून झालं की तोंड उघडून दाखवायची.

रुक्साचा खोकला कमी झाला. पोरगी परत दोरीवरच्या उड्या मारायला लागली, आजोबाशी भांडायला लागली. झाम्फिराला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच दुसरीकडं नजर जायची. ब्रिन्दुशा चिखलाच्या खड्ड्यात परकर खोचून उभी असायची, भुसा पसरायचा, पाणी ओतायचं, पायानं तुडवायचं, गोल गोल फिरत. मधेच थांबून कमरेवर हात ठेवायची.

एक दिवस ओतिलियाचा फोन आला. झाम्फिराचे हात चिखलानं भरलेले, म्हणून रुक्सानं फोन मोठ्या आवाजावर लावून आईपुढं धरला.

"झाम्फिरा, बाकी सगळं ठीक आहे गं. पण तुझ्या आणि तुझ्या जावेच्या, दोघींच्या लघवीत साखर निघालीय."

"दोघींच्या?"

"दोघींच्या. तुझ्यात जेवढी तेवढीच तिच्यात. गोड बंद करा. पाव, बटाटे बंद. मक्याची मामालिगासुद्धा बेतानं खा. रस्ता वाळला की येऊ, बोटाचं रक्त घेऊन बघू."

तिथल्या तिथं सांगून टाकता आलं असतं. अगं बाई, दोन्ही माझंच होतं म्हणून, एवढं म्हणायचं होतं. झाम्फिरा नुसतं "बरं" म्हणाली. तहान तिला गेले कित्येक महिने लागत होती, पायांना मुंग्या येत होत्या, तिकडं तिनं लक्षच दिलं नव्हतं. आता कळलं काय ते. पण धाकटीला कुठली साखर?

"काय म्हणाली गाजी?" शेजारी साचा धूत असलेल्या तनासेनं विचारलं, आणि आईच्या आधी रुक्सानंच सगळं सांगून टाकलं. शाळेत गाज्यांची भाषा शिकलेली पोर ती, तिला काय माहीत.

म्हातारा उठून आत गेला आणि ब्रिन्दुशाच्या पुढ्यातला पाव त्यानं उचलला. रागानं नाही, हळूच. "पोरी, आजपासून हे तुला नाही," तो म्हणाला. "एक बाई या घरातनं गेली. आता दुसरी जाऊ देणार नाही मी." साफ्ता गेल्यापासून तो असा हळवा झाला होता. त्या दिवसापासून म्हातारा जेवायला बसला की धाकटीच्या ताटावर नजर ठेवायचा; थोरली जाणती, ती आपलं आपण पाळेल असं त्याला वाटायचं. बटाटा दिसला तर काढून घ्यायचा. कांद्याची पात, कोबीचं पाणी आणि चीजचा एक तुकडा, एवढ्यावर ती पोर दिवसभर चिखल तुडवायची.

झाम्फिरा स्वतःच्या वाटणीची उकडलेली अंडी एप्रनमध्ये लपवून तिला द्यायला गेली, पावाचा तुकडाही घेऊन गेली. ब्रिन्दुशानं अंडं घेतलं, पाव मागं सारला. "नको ताई. साखर आहे मला. आणखी वाढायची."

"खा गं थोडा, काही होत नाही."

"आणि मामंजींना कळलं तर? एवढं जपतायत माझ्यासाठी."

झाम्फिरानं तो पाव कोंबड्यांना टाकला. स्वतःच्या तोंडात घालायची तिची हिंमत झाली नाही.

एका सकाळी तिनं ठरवलं, आज धाकटीला गोळी द्यायची नाही. डबा बंद केला आणि चुलीकडं वळली. मागनं ब्रिन्दुशाचा आवाज आला, "ताई, माझी राहिली की."

"अगं, विसरले."

म्हातारा कॉफीचा कप खाली ठेवून बघत होता. "विसरून कसं चालेल, थोरले? तुझ्यावर सोपवलंय ना त्यांनी." झाम्फिरानं डबा उघडला आणि ब्रिन्दुशाच्या तळहातावर गोळी ठेवली.

त्याच दिवशी दुपारी, दोघी जणी विटा कडेवर उभ्या करत होत्या तेव्हा ब्रिन्दुशा हळूच म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत."

झाम्फिरा वीट उचलतच राहिली. "बरं झालं की."

"तुलाच पहिल्यांदा सांगतेय. रेमुसला पण नाही सांगितलं अजून." ती लाजली, हसली, मग तिचं हसू मावळलं. "ताई, त्या गोळीनं काही होणार नाही ना?"

सांगायची हीच वेळ होती. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हातारा भट्टीकडं गेला होता. पण पलीकडं बांधावर रुक्सा चढली होती, जोरजोरात हसत होती, आणि एवढं हसूनही तिला ढास लागली नाही.

"काही होत नाही," झाम्फिरा म्हणाली. "डॉक्टर काय खुळे आहेत का?"

"तेच म्हटलं मी," ब्रिन्दुशा म्हणाली आणि पुढची वीट उचलली.

नंतर ऊन पडलं. कडक, खणखणीत ऊन. सगळी वस्ती विटांवर तुटून पडली. तनासेनं भट्टी रचायला घेतली, आणि बायकांनी दोन दिवसांचा चिखल एका दिवसात तुडवायचा असं ठरलं. दुपार टळली असेल नसेल, ब्रिन्दुशा खड्ड्यात फिरता फिरता थांबली, हात पुढं केला, कशाला तरी धरायला बघतेय अशी, आणि तोंडावर पडली. रेमुसनं उडी टाकून तिला वर काढलं. नाकातोंडात चिखल गेला होता. झाम्फिरा बोट घालून तो काढत होती, पण तिची स्वतःची बोटंच चिखलानं माखलेली, तेव्हा रेमुस ओरडला, "वहिनी, सर बाजूला!"

रस्ता वाळला होता. झाम्फिरानं फोन केला आणि दुसऱ्या दिवशी गाडी आली.

ब्रिन्दुशाला गाडीच्या पायरीवर बसवलं होतं. ओतिलियानं तिच्या बोटाला टोचलं, छोट्या यंत्रावर थेंब धरला, कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा टोचलं. मग झाम्फिराचं बोट घेतलं, आणि तिथला आकडा बघून तिनं डॉक्टरला हाक मारली. दोघं आपसात बोलले. ओतिलिया ब्रिन्दुशापुढं वाकली, चिमूटभर साखर जिभेवर टाकल्यासारखं केलं, आणि मग मान आणि हात जोरजोरात हलवले. नाही. तुला नाही. मग झाम्फिराकडं बोट केलं. तिला.

एवढं कळायला भाषा कशाला लागते? ब्रिन्दुशा ओतिलियाकडं बघत राहिली, मग तिनं झाम्फिराकडं बघितलं.

"विचार तिला," डॉक्टर झाम्फिराला म्हणाला. "काय काय होतंय, कधीपासून होतंय."

झाम्फिरानं तोंड उघडलं.

"ताई नको," ब्रिन्दुशा म्हणाली. सासरा उभा होता तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "रुक्साला बोलवा."

"रुक्सा लहान आहे गं."

"रुक्साला बोलवा म्हटलं ना!"

रुक्सा पळत आली. तिला घेऊन ब्रिन्दुशा गाडीत चढली, डॉक्टर आणि ओतिलिया मागनं गेले, आणि दार ओढून घेतलं. बाहेर झाम्फिरा, तनासे आणि रेमुस उभे राहिले. झाम्फिरानं म्हाताऱ्यासाठी मडक्यातनं पाणी आणलं होतं, तो पेला त्याच्या हातात होता. आतून रुक्साचा बारीक आवाज येत होता, एकदा आपल्या बोलीत, एकदा त्यांच्या भाषेत. शाळेत कविता म्हणावी तशी ती सगळं नीट, सावकाश सांगत होती. काही गाळत नव्हती.

दार उघडलं. रुक्सा पायरीवर आली. चेहरा लाल झाला होता.

"आई, डॉक्टर विचारतायत, काकूच्या कपात कोणाचं होतं?"

रेमुसनं चमकून मान वळवली. झाम्फिराला वाटलं, पायाखालची माती दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"माझं," ती म्हणाली.

तनासेनं हातातल्या पेल्याकडं बघितलं. मग तो वाकला आणि पाणी जमिनीवर ओतलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला त्यानं झाम्फिराच्या हातात दिला नाही, बाजूच्या विटेवर उपडा घातला. त्याच्या ओठांची हालचाल झाली, पण शिवी बाहेर आली नाही. शिवी आली असती तर तिला बरं वाटलं असतं.

रुक्सा आत गेली, परत आली. "विचारतायत, काकूला दिवस गेलेत हे तुला तेव्हा ठाऊक होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. कोण सिद्ध करणार होतं? धाकटी माती खाते ते दुसऱ्या कोणी बघितलं नव्हतं.

"होतं."

"वहिनी!" रेमुस म्हणाला.

"रुक्से," झाम्फिरा म्हणाली, "डॉक्टरना विचार, बाळाला काय होईल."

पोरगी आत गेली. या वेळी बराच वेळ लागला. डॉक्टर एकटाच बोलत होता. झाम्फिराला बाहेर सगळं ऐकू येत होतं, त्याची भाषा तिला कळत होती, तरी ती रुक्सा यायची वाट बघत राहिली.

"ते म्हणतात, त्यांना ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. गोळी आजपासून बंद. काकूला शहरात नेऊन यंत्रानं बघणार आहेत. आणि त्यांनी काकूला विचारलं, बाळ होईपर्यंत आणि नंतरही त्यांनी बघत राहिलं तर चालेल का, म्हणजे दुसऱ्या बायांच्या कामाला येईल. काकू म्हणाली, विचार करून सांगते." रुक्सा थांबली. पायरीच्या लोखंडावर तिनं नख घासलं. "आणि त्यांनी सांगितलं, मला गोळी देत राहतील. आजोबा नाही म्हणाले तरी गावात येऊन घेता येईल."

तनासेनं भट्टीकडं तोंड फिरवलं.

"आई," रुक्सा म्हणाली, "काकू विचारतेय, ठाऊक होतं तर मग रोज सकाळी तिच्या हातावर गोळी का ठेवलीस?"

उघड्या दारातनं ब्रिन्दुशाचे पाय दिसत होते. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल होता, धुतला तरी न गेलेला. ती वाट बघत होती.

तुझ्यासाठी, रुक्से. एवढं एकच म्हणायचं होतं झाम्फिराला. तोंडात आलं होतं, ओठांवर आलं होतं. खरं तेच होतं. पण ते ऐकणारी पायरीवर उभी होती, केस विंचरलेले, गालावर जरा मांस आलेली, आणि हे ऐकून ती आत जाऊन काकूला आपल्याच तोंडानं सांगणार होती. मग काकूचं बाळ कसंही जन्मलं तरी ही पोर त्याच्याकडं बघून आयुष्यभर काय म्हणणार होती?

"काही कारण नव्हतं म्हणावं," झाम्फिरा म्हणाली.

रुक्सानं विचारलं, "असंच सांगू?"

"असंच सांग."

पोरगी आत वळली, आणि तिनं ते जसंच्या तसं सांगितलं.